गारठ्याची रेघ

माझा हात पहिल्यापासून लवकर उठायचा. बैल अडला की टोकदार तुतारीची काठी, भाकरी करपली की ताट भिंतीवर, कुणी उलट बोललं की कानाखाली. आबांचा, म्हणजे वडलांचा, हात आम्हां दोघा भावांवर उठायचा, थोरल्याचा माझ्यावर, आणि माझा, खाली जो सापडेल त्याच्यावर. आमच्या घरात आधी मारायचं आणि मग विचारायचं, अशी रीतच होती. हे मी कौतुकानं सांगत नाही. पण लपवून तरी काय करू? जे घडलं ते या हातानंच घडलं.

गंगाखेडहून पालमकडं जाणारी एस.टी. आमच्या फाट्यावर थांबायची, तिथून कोसभर चाललं की गाव. आमचं रान उतारावर होतं. वर मुरमाड माळ, मध्ये बरी जमीन आणि सगळ्यात खाली ओढ्याकाठी काळीभोर पट्टी, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. ती पट्टी म्हणजे आबांचा जीव. तिथं पिढ्यान् पिढ्या ज्वारी, हरभरा निघायचा आणि आबा कणसाला हात लावून जमिनीच्याच पाया पडायचे.

मी शेतीच्या शाळेत दोन वर्षं काढून पदविका घेऊन आलो होतो. आलो म्हणजे काय, मिरवत आलो. तिथं एका मास्तरांनी आम्हाला परदेशातला एक नकाशा दाखवला होता. देशभर रंगांचे पट्टे ओढलेले. पाऊस किती, ऊन किती याचे ते पट्टे नव्हते. हिवाळ्यातली सगळ्यात थंड रात्र किती थंड, एवढ्यावरच ते पाडलेले होते. मास्तर म्हणाले, झाड उन्हाळाभर तग धरतं आणि एका रात्रीत मरतं, म्हणून तिकडं रोपावरच चिठ्ठी असते, हे अमक्या पट्ट्यापर्यंत जगेल, त्यापुढं लावू नका. आपल्याकडं असा नकाशा कुणी केलेला नाही, आपापल्या रानाचा आपण करायचा. आम्ही पोरं हसलो. रानाचा कसला आलाय नकाशा? मी मात्र परभणीच्या तापमानाचे मागच्या काही वर्षांचे आकडे उतरवून आणले, केळीला किती थंडी सोसते ते पुस्तकात बघितलं, आणि जमतंय असं ठरवून टाकलं. माझ्या हिशेबात सगळा जिल्हा एकाच रंगाचा होता.

आमचा सालगडी बौद्धवाड्यातला. त्या वाड्याचं आमच्या तोंडी तेव्हा जुनंच नाव होतं, ते इथं लिहीत नाही. वयानं तो आबांच्या बरोबरीचा. लहानपणी मला खांद्यावर बसवून त्यानं रानभर फिरवलेलं. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला धाकले मालक म्हणायचा. तेव्हा यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

केळी लावायची ठरली तेव्हा तो बांधावर उकिडवा बसून म्हणाला, "धाकले मालक, वढ्याकाठी नगा लावू. गारठा समदा तितंच येऊन बसतंय. मधल्या पट्टीत लावा. पाणी काय, इंजनानं वर चढवता येतंय."

"तू शाळा कवा शिकलास रं?" मी म्हणालो. थोरला भाऊ खदाखदा हसला. आबाही हसले. तोही हसला आणि उठून बैलांची दावी सोडायला लागला. मृगात त्यानंच खड्डे घेतले, त्यानंच कंद पुरले, एकेक कंद हातात उलटापालटा करून, डोळा वर ठेवून. सगळी बाग त्याच्या हातची. मी आपला बांधावर उभा राहून दोन ओळींतलं अंतर मोजायचो.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून आमच्याकडं गावोगावी घरं जळून गेली होती, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. राख निवली होती, माणसं निवली नव्हती. आमच्या गावात घर जळालं नाही याचा आबांना अभिमान होता. पण कुणाचा पोरगा मोर्चाला गेला, कुणाच्या घरावर निळा झेंडा लागला, यावर पारावर रोज दात-ओठ खाणं चालायचं. पौषात आमच्या गड्याचा पोरगा परभणीच्या मोर्चाला गेल्याचं कळलं आणि थोरल्या भावाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आपलं खाऊन आपल्याच उरावर बसायलेत," म्हणाला. मलाही तसंच वाटलं, उगं खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी गडी माझ्याकडं आला. आभाळ साफ होतं, वारा पडला होता. केळी पुरुषभर उंच झालेली, पानं नुसती सळसळायची एरवी, त्या दिवशी एक पान हलत नव्हतं.

"मालक, आज लय गारठा पडणार हाय. बांधाबांधानं काडीकचरा पेटवून धूर करावा लागंल. चार गडी लावा माझ्यासंगं."

मी म्हणालो, "पोराला बोलीव की तुझ्या. मोर्चाला जायला येतंय, धूर करायला न्हाई येत?"

त्यानं केळीकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "पोराचं पोरापाशी. केळीनं काय केलंय?"

मी उठून त्याच्या कानाखाली काढली. बापाच्या वयाच्या माणसाच्या. त्याचं मुंडासं खाली पडलं, ते मी पायानं उडवलं आणि म्हणालो, "उद्यापासून रानात पाय ठेवायचा न्हाई. चल, नीघ." त्यानं मुंडासं उचललं, झटकलं आणि गेला. आबांनी ओसरीवरून सगळं पाहिलं. माझ्यावर ते क्वचितच खूश असायचे, त्या दिवशी होते.

धूर आमच्यापैकी कुणी केला नाही. मी करू दिला नाही.

सकाळी ऊन अंगाला लागायच्या आत थोरला भाऊ ओरडत आला. आम्ही पळत गेलो. ओढ्याकाठची केळी उकडून काढल्यासारखी झाली होती. पानं पारदर्शक, ओली, खाली लोंबणारी. ऊन चढलं तशी ती आमच्या डोळ्यांदेखत काळी पडत गेली. न्याहारीच्या वेळेपर्यंत अर्धी बाग कोळसा. वरची अर्धी हिरवीगार. आणि वरच्या बांधावर राखेचे तीन ढीग, हात घातला तर अजून गरम. बाजूला एक घोंगडी. ती कुणाची ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"पेटवली भडव्यानं," थोरला म्हणाला.

"पेटवली तर खालची कशी जळंल अन् वरची कशी राहील?" गर्दीतलं कुणीतरी बोललं. गाव एव्हाना जमा झालं होतं.

"एंड्रीनचं विष मारलं असंल खाली. वर जाळायला बसला अन् उजाडलं, म्हणून पळाला," थोरला म्हणाला.

झालं. तेवढं पुरलं सगळ्यांना. मलाही पुरलं. त्या क्षणी मला तसंच वाटलं, अगदी शपथेवर सांगतो. काल मारलेल्या थपडेचा त्यानं असा सूड काढला म्हणून माझं माथं भडकलं. कुणी धसकट उपटलं, कुणी तुतारी उचलली, थोरल्यानं गाडीतली कुऱ्हाड काढली. बौद्धवाड्यावरच जायचं असं ठरत होतं, आणि तेवढ्यात तो स्वतःच आला.

डोक्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा हा एवढा भारा. गर्दी बघून त्याला काही वावगं वाटलं नसावं. भारा बांधावर टाकून त्यानं घाम पुसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "अर्धी वाचली, मालक. एकट्यानं तेवढंच झालं. आज पुन्ना गारठा हाय, म्हणून जळण घिऊन आलाव."

"बघा! बघा कसा बोलायलाय! अर्धी जाळायची राह्यली म्हणतोय!" थोरला किंचाळला.

पहिला वार माझा. माझ्या हातात वेळूची काठी होती, ती मी त्याच्या पाठीत घातली. तो ओणवा झाला. मग सगळेच तुटून पडले. त्याला केळीत ओढत नेलं, त्या काळ्या पडलेल्या पानांत. लाथा, बुक्के, तुतारीची टोकं. कुणी कुणाला लागतंय ते बघत नव्हतं, आमच्याच एकाचं नाक आमच्याच कोपरानं फुटलं. तो ओरडत नव्हता. "मालक, ऐका. मालक, ऐका," एवढंच. दोन्ही हात खाली, चिखलात टेकलेले. रक्त नाकातून, तोंडातून. मी मारत होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

काठी पुन्हा उगारायची म्हणून मी मान वर केली आणि मला ओढ्यापलीकडचा एरंड दिसला.

रानटी एरंड. ना कुणी लावलेला, ना कुणाच्या मालकीचा. तो काळा पडला होता. सगळा नाही, अर्धाच. ओढ्याच्या तळापासून पुरुषभर वर काळा, त्याच्या वर हिरवा. शेजारच्या बांधावरचा वाल बघितला, तोही काळा, त्याच उंचीपर्यंत. मी मागं वळून बाग बघितली. काळ्या-हिरव्याची रेघ ओळींप्रमाणं जात नव्हती. ओळी तिरप्या होत्या आणि रेघ सरळ, जमीन चढेल तिथं झाडाच्या बुंध्याला, उतरेल तिथं शेंड्याला. तळ्यात पाणी जिथवर चढावं तिथवर. फवारणाऱ्या माणसाला असं फवारता येत नाही. एरंडाला कुणी विष घालत नाही.

गारठा होता. माळावरून सरकत सरकत खाली आला होता आणि खोलात साचला होता. गड्यानं मृगात सांगितलं होतं ते हेच. मास्तर म्हणाले होते, आपापल्या रानाचा नकाशा आपण करायचा, तोही माझ्या डोळ्यांपुढं पडला होता, काळ्या रंगात काढलेला.

म्हणजे बाग मी मारली होती. ओढ्याकाठी लावायचा हट्ट माझा, धूर करू दिला नाही तो मी. आणि हा माणूस मार खाऊन, मुंडासं उडवून घेऊन, घरात बसला नव्हता. एकटा येऊन धूर करून गेला होता.

"थांबा" एवढा एक शब्द होता. माझ्या रानात, माझ्या बागेत उभा राहून मी थांबा म्हटलं असतं तर सगळे थांबले असते. शिकलेला मीच होतो ना? मी आबांकडं बघितलं. ते कमरेवर हात ठेवून उभे होते, त्यांच्या जिवाची पट्टी काळी पडली होती आणि त्यांना कुणीतरी हवा होता. मी नाही तर तो. सगळ्या गावादेखत मी म्हणणार होतो का, की चूक माझी?

मी काठी उचलली आणि पुन्हा मारली. आधीपेक्षा जोरात.

त्यानंतर थोरल्यानं कुऱ्हाड उलटी धरून घातली. उजवा हात कोपरात मोडला. मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, मग मात्र माणसं मागं सरली. त्याची बायको रडत पळत आली, त्याच्या अंगावर पडली, तिलाही एकदोन बसल्याच. "पाया पडते, मालक, मेला तो, सोडा," म्हणत होती. ती माझेच पाय धरत होती, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

गंगाखेडला नेलं त्याला, बैलगाडीतून. हात वाचला पण सरळ झाला नाही. तक्रार झाली नाही, म्हणजे होऊ दिली नाही. तक्रार केली तर वाड्यात एक घर उभं राहणार नाही, असा निरोप थोरल्यानं धाडला. गिरणी आणि दुकान बौद्धवाड्याला महिनाभर बंद. त्याचा पोरगा आधी गाव सोडून गेला, मग ते दोघं.

शिमग्याच्या सुमाराला केळी फुटली. काळं पडलेलं सगळं झाड आम्ही बुडातून कापलं होतं, त्या कापलेल्या बुडातून नव्या पानाची हिरवी सुरळी वर आली. एकाला नाही, ओढ्याकाठच्या बहुतेक सगळ्या झाडांना. विषानं मेलेलं झाड असं येत नाही, हे कुळव धरणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं. गावातल्या प्रत्येकानं ती सुरळी येता-जाता बघितली. पारावर एकजण बोलला नाही. आबा एकदाच म्हणाले, "देवानं वाचवली," आणि माझ्याकडं बघितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी तीन तापमापक आणले, रात्रीतली सगळ्यात कमी थंडी दाखवणारे. एक माळावर, एक मधल्या पट्टीत, एक ओढ्याकाठी. रोज सकाळी जाऊन बघायचो. सगळ्या हिवाळ्यात ओढ्याकाठचा पारा माळाच्या चार-चार अंश खाली असायचा. एकाच मालकाचं रान, एकाच हाकेच्या टप्प्यातलं, आणि त्यात तीन वेगळे मुलूख! परभणीच्या आकड्यावर मी बाग लावली होती आणि माझ्या पायाखालचा आकडा मला माहीत नव्हता. जो माणूस भल्या पहाटे अनवाणी पाण्याची दारं धरायला जायचा, त्याच्या पावलांना तो माहीत होता.

मग मी मोठा शहाणा झालो. कुठं लिंबू, कुठं पपई, कुठं नुसता हरभरा, हे विचारायला पालम, गंगाखेडहून लोक यायचे. मी त्यांच्या रानात उभा राहून ऐटीत सांगायचो, "गार हवा खाली बसायलीय, वरच्या पट्टीत लावा." लोक चहा पाजायचे, मान डोलवायचे. दर वेळी तोंड माझं आणि वाक्य त्याचं. मला लाज वाटायची का? वाटायची. पण चहा मी प्यायचो.

शेवटी विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात मी उठलो. आबा गेले होते. थोरला वेगळा निघाला होता, त्याच्याशी वाटणीवरून डोकी फुटेपर्यंत मारामारी झाली होती, तेव्हापासून माझ्या कपाळावर ही खूण आहे. देवगाव फाट्याच्या बाजूला आमचा जुना गडी लेकीकडं राहतो, कुणाच्या तरी पेरूच्या बागेची राखण करतो, असं कळलं होतं. एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि विचारत विचारत गेलो.

तो झाडाखाली घोंगडीवर बसला होता. म्हातारा झालेला. उजवा हात कोपरापासून आत वळलेला, तसाच मांडीवर ठेवलेला. मला बघून उठला नाही. त्याला उठायची सवय होती आमच्यापुढं, म्हणून ते मला लगेच जाणवलं.

"बसा," म्हणाला. लेकीला हाक मारून त्यानं चहा करायला सांगितलं. मी घोंगडीच्या काठावर बसलो.

"तुमी केळी जाळली न्हवती," मी म्हणालो. माझ्या तोंडून त्याला पहिल्यांदाच तुमी गेलं. "गारठ्यानं गेली ती."

"मला ठावं हाय की," तो म्हणाला. "मीच सांगितलं हुतं."

"तसं न्हाई. मला तवाच कळलं हुतं. तितंच, मारताना. मी सगळ्यांला सांगाय पायजे हुतं. मी बोललो न्हाई." एवढं बोलून मी डोळे पुसले आणि मला माझीच चीड आली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. वाटलं आता हा शिव्या देईल, थुंकेल, तंगडी धरून बाहेर काढेल. तसं केलं असतं तर सोपं झालं असतं.

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून जरा नीट ठेवला.

"ते बी ठावं हाय," तो म्हणाला. "मी खाली पडल्यालो तुमच्याच तोंडाकडं बघायलो हुतो. बाकीच्यांकडं काय बघायचं, त्येंच्या हातात काय हुतं? तुमी काठी उगारली, मान वर केली अन् थांबलाव. तुमी एरंड बघितला. वाल बघितला. मंग मागं वळून बाग बघितली. मला वाटलं, सुटलो. धाकले मालक शिकल्याले हायत, त्येंला कळलंय, आता म्हणतील थांबा. म्हणून मी हात आडवा घातला न्हवता."

लेक चहा घेऊन आली. त्यानं डाव्या हातानं एक कप माझ्यापुढं सरकवला.

"मंग तुमी पुन्ना काठी उचलली," तो म्हणाला. "तवा मी हात वर केला. अन् कुऱ्हाड त्याच्यावर बसली."